अर्ध्यावर थांबलेली शिकार

लेखमाला : हाताशी आलेली जनावरं – भाग ९

धनगराचा कुत्रा मेंढरं राखतो, वळत नाही. गेल्या आठवड्यात आपण हे पाहिलं. रात्री वाडा बसला की तो कडेला अंग टाकतो, लांडग्याची चाहूल लागली की सगळ्यांना जागं करतो आणि दिवसा खांड चालायला लागलं की आपला रमतगमत बरोबर जातो. मेंढरं वळण्याचं काम धनगराच्या गळ्याचं आणि काठीचं. त्यामुळे आपल्याकडचा माणूस ब्रिटनमधली मेंढीकुत्र्यांची स्पर्धा पहिल्यांदा पाहतो तेव्हा चक्रावतो. माणूस हिरवळीच्या या टोकाला एका खांबाशी उभा. मेंढरं त्या टोकाला, जवळजवळ पाव मैलावर, ठिपक्यांएवढी. आणि मधलं सगळं काम एक काळा-पांढरा कुत्रा तोंडातून आवाज न काढता करतोय.

पण आपला माणूस एक प्रश्न मनातच ठेवतो : यात बघायचं काय? कुणी पडत नाही, कुणी आपटत नाही, पाच मेंढ्या सरळ रेषेत चालत येतात. प्रेक्षक थर्मासमधला चहा पीत गप्प बसलेले असतात. खरी गोम इथेच आहे. या खेळात कामगिरी जितकी चांगली, तितकं दिसायला कमी. जिथे धावपळ दिसते, तिथे गुण गेलेले असतात.

साधारण नियम असे. पंचांकडे पूर्ण १०० गुण असतात आणि चूक दिसेल तसे ते कापत जातात. सगळ्यात आधी ‘आउटरन’, म्हणजे कुत्र्याने घेतलेला वळसा, त्याचे २०. खांबापासून सुटलेला कुत्रा मेंढरांवर सरळ धावून गेला तर ती उधळणार. म्हणून तो उजवीकडून किंवा डावीकडून लांबून फिरतो. त्याच्या वाटेचा आकार नासपतीसारखा हवा : माणसाकडे चिंचोळा, मेंढरांकडे फुगीर. ज्या बाजूने निघाला ती सोडून मध्येच रेषा ओलांडून दुसऱ्या बाजूला गेला, तर त्या २० पैकी हाती फारसं काही राहत नाही.

वळसा संपतो तिथे ‘लिफ्ट’. गुण फक्त १०, वेळ काही सेकंदांचा, पण जाणकारांच्या नजरा इथेच खिळलेल्या असतात. कुत्रा मेंढरांच्या पलीकडे येऊन थबकतो. मेंढरं चरता चरता मान वर करतात, त्याच्याकडे बघतात, मग एकमेकींकडे बघतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखं असतं हे. पहिल्या अर्ध्या मिनिटात एकमेकांबद्दल जे मत व्हायचं ते होऊन जातं, पुढचं सगळं त्यावर. कुत्रा आगाऊ निघाला तर मेंढरं दचकतात आणि पुढची दहा-बारा मिनिटं दचकलेलीच राहतात. तो बुजरा निघाला तर त्यातली एखादी थोराड मेंढी पुढचा पाय आपटून त्याला जागेवर उभं करते.

मग २० गुणांचं ‘फेच’, म्हणजे दोन फळ्यांच्या फाटकातून मेंढरं सरळ माणसाकडे आणणं. हे कुत्र्याच्या रक्तातच असतं. माणूस घड्याळात सहावर उभा असेल तर तो आपसूक बारावर जातो. माणूस सरकला की तोही सरकतो. त्यामुळेच पुढचा ‘ड्राइव्ह’ अवघड. आता मेंढरं माणसाकडे आणायची नसून त्याच्यापासून दूर न्यायची, त्रिकोणी वाटेने, आणखी दोन फाटकांतून. म्हणजे ज्या ओढीवर कुत्रा घडलाय, तिच्या बरोबर उलट. याला सर्वाधिक, ३० गुण ठेवलेत ते उगीच नाहीत. एवढा वेळ माणसाला खांब सोडता येत नाही. त्याच्याकडे असतात फक्त चार-पाच शब्द आणि एक शिट्टी.

शब्दही जुनेच. ‘कम-बाय’ म्हणजे मेंढरांभोवती घड्याळाच्या दिशेने फिर, ‘अवे’ म्हणजे उलट दिशेने. नवशिक्यांना लक्षात ठेवायची युक्ती सांगतात ती देवनागरीतही चालते : क्लॉकवाइजचा ‘क’ तोच कम-बायचा, अँटिक्लॉकवाइजचा ‘अ’ तोच अवेचा. लांबवर शब्द पोचत नाहीत तिथे शिट्ट्या, आणि त्या ज्याच्या त्याच्या. एकाच वेळी दोन कुत्रे चालवण्याचा वेगळा गट असतो. त्यात प्रत्येक कुत्र्याच्या शिट्टीची चाल निराळी ठेवावी लागते, नाहीतर एकाला सांगितलं की दोघंही वळतात.

शेवटच्या दोन कामांत माणूस खांब सोडून कुत्र्याच्या मदतीला येतो. एक, आखून दिलेल्या गोलात मेंढरं फोडणं : दोन मेंढ्यांत हातभर फट पडली की कुत्र्याने त्या फटीतून माणसाकडे झेपावत यायचं आणि ठरलेल्या मेंढ्या अलग करून धरायच्या. कळप एकत्र ठेवायला जन्मलेल्या जनावराला कळप तोडायला सांगायचं, हेही विपरीतच. दुसरं काम कोंडण्याचं. लाकडी वाडा जेमतेम नऊ फूट बाय सहा फूट. माणसाने एका हातात फाटकाला बांधलेला सहा फुटांचा दोर धरायचा आणि तो सोडायचा नाही. दुसऱ्या हातात आकडीची काठी. मेंढरं तोंडाशी येऊन थांबतात. चौघींची तोंडं आत, पाचवीचं बाहेर. कुत्रा पोटावर, कान मागे, पुढचा एक पंजा उचललेला. माणूस बोट हलवत नाही. पाचवी मेंढी एक पाऊल मागे घेते. कुत्रा अर्धं पाऊल डावीकडे सरकतो. ती पुन्हा वळते, चौघींकडे बघते आणि आत जाते. फाटक लागतं. हे अर्धं पाऊल घाईने पडलं असतं तर पाचही जणी वाड्याला वळसा घालून पसार झाल्या असत्या. कधी एखादी अडून बसते, कुत्र्याचा संयम सुटतो आणि तो तोंड मारतो. मग डाव तिथेच संपतो, कुत्रा बाद.

हा संयम कुठून येतो? अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी काम करणाऱ्या कुत्र्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांची मांडणी अशी की लांडग्याची शिकार ही एक साखळी असते : टक लावणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकड, चावा, फाडणं. राखण करणाऱ्या कुत्र्यात ही साखळी जवळजवळ निजलेलीच असते, म्हणून तो कोकरांत कोकरासारखा वावरतो. वळणाऱ्या कुत्र्यात पहिल्या कड्या भडक झालेल्या असतात आणि शेवटच्या दाबून टाकलेल्या. तो मेंढीकडे जे पाहतो ते भुकेल्या नजरेनेच. इंग्लिश मेंढपाळ त्याला नुसतं ‘आय’ म्हणतात : या कुत्र्याला डोळा आहे, त्याला नाही. डोळा जास्त झाला तरी पंचाईत. असा कुत्रा मेंढीवर नजर लावून खिळून बसतो, हाक मारली तरी हलत नाही. ब्रिटनमधून लांडगे काही शतकांपूर्वीच संपले, त्यामुळे तिथल्या मेंढपाळाला दांडगा राखणदार पाळण्याची गरज उरली नाही. हलक्या अंगाचा, मेंढरांमागे दिवसभर पळू शकणारा कुत्रा त्याला परवडला. दख्खनच्या माळावर लांडगा अजून आहे. धनगराने कोली, म्हणजे हा वळणारा कुत्रा, पाळला असता तर पहिल्याच रात्री कुत्रा आणि मेंढी दोन्ही गमावण्याची पाळी आली असती.

स्पर्धा म्हणून हे सुरू कधी झालं, यावर भांडणं आहेत. न्यूझीलंडमधल्या वानाका इथे १८६७ मध्ये अशी स्पर्धा झाल्याची नोंद आहे. ब्रिटनमधली पहिली ठळक स्पर्धा मात्र ९ ऑक्टोबर १८७३ ची, वेल्समधल्या बाला गावची. भरवली तिथले जमीनदार रिचर्ड जॉन लॉइड प्राइस यांनी. गृहस्थ हौशी. पुढे त्यांनी जवळच फ्रॉनगॉकला वेल्श व्हिस्कीचा कारखानाही काढला, तो बुडाला, आणि १९१६ साली त्याच इमारतीत आयर्लंडच्या ईस्टर उठावातले कैदी डांबले गेले. ‘बेंडिगो’ नावाच्या शर्यतीच्या घोड्यावर जिंकलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःच्या घराण्याची समाधी बांधली, आणि घोड्याचे आभार तिच्यावर कोरून ठेवले. कुत्र्यांची स्पर्धा हा त्यांच्या अनेक छंदांतला एक. दहा कुत्रे उतरले, बघायला सुमारे तीनशे माणसं आली. बक्षीस मात्र नेलं वेल्समध्ये येऊन राहिलेल्या थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाने, ‘ट्वीड’ नावाच्या आपल्या लहानशा कुत्र्याकरवी. घरच्या मैदानावर स्कॉट जिंकून जातो म्हटल्यावर पुढच्या वर्षी गर्दी वाढणारच.

त्या काळातली कुत्री बरीच रांगडी होती. भुंकून, चावून काम करणारी. चित्र बदललं ते ‘ओल्ड हेम्प’मुळे. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलँडमध्ये, ॲडम टेल्फर या मेंढपाळाकडे १८९३ साली तो जन्मला. बाप रॉय मनमिळाऊ पण नजरेने मवाळ. आई मेग बुजरी आणि नजर इतकी जहाल की स्वतःच तिच्यात अडकून पडायची. पिल्लू दोघांच्या मधोमध उतरलं. हेम्प न भुंकता, न चावता, नुसत्या असण्याने मेंढरं हलवायचा. त्याला सुमारे दोनशे पिल्लं झाली, आणि आजच्या जवळपास प्रत्येक बॉर्डर कोलीची वंशावळ मागे नेली की कुठेतरी त्याच्यापाशी येऊन थांबते. म्हणजे स्पर्धेने नुसते विजेते निवडले नाहीत, एक जात घडवली.

१९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय शीपडॉग सोसायटी स्थापन झाली. तिच्या नोंदवहीत दिसण्याला किंमत नव्हती, कामाला होती. कान उभे की पडलेले, अंगावर पांढरं किती, हे कुणी विचारत नसे. म्हणूनच १९९५ साली अमेरिकन केनेल क्लबने बॉर्डर कोलीला प्रदर्शनाच्या जातींत मान्यता दिली तेव्हा तिथल्या काम करून घेणाऱ्या मंडळींनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : केसांवरून निवड सुरू झाली की डोक्याचं कोण बघणार? त्यांची बाजू पटण्यासारखी आहे. पण कामाच्या निवडीलाही तिची किंमत मोजावी लागते. सोसायटीच्या स्पर्धेतला १९६५ चा सर्वोच्च विजेता ‘विस्टन कॅप’ इतका गाजला की त्याची साडेतीनशेहून जास्त पिल्लं नोंदली गेली. सोसायटीच्या बिल्ल्यावरही तोच आहे. एकाच बापाचं रक्त इतकं पसरलं की त्यातले दोषही पसरतात; डोळ्यांचे आनुवंशिक आजार शोधायला कुत्र्यांची तपासणी करावी लागते.

दर वर्षी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचे निवडक कुत्रे एकमेकांसमोर येतात, आणि त्यातल्या पहिल्या १५ जणांची जी अंतिम फेरी होते ती ‘सुप्रीम’. तिथला पेपर निराळाच. कुत्र्याने ७०० मीटरहून लांबचा वळसा घालून दहा मेंढ्या आणायच्या. त्या अर्ध्या वाटेवर आल्या की त्यांना तिथेच सोडून, पाठ फिरवून, दुसऱ्या बाजूला आणखी दहा शोधायला जायचं. कुत्र्याला दुसरा कळप दिसत नसतो. आपल्या ताब्यातली शिकार सोडून फक्त माणसाच्या शिट्टीवर भरवसा ठेवायचा असतो. मग वीसही मेंढ्या एकत्र करून, फाटकांतून काढून, गळ्यात पट्टे घातलेल्या पाच तेवढ्या ठेवायच्या आणि पंधरा बाहेर काढायच्या. वेळ ३० मिनिटं. स्कॉटलंडच्या जे. एम. विल्सन यांनी हा मुकुट वेगवेगळ्या कुत्र्यांसह नऊ वेळा जिंकला. पाच पिढ्या कुत्रे तयार करणाऱ्यांनाही तो आकडा अजून डोळे विस्फारायला लावतो.

हे सगळं टीव्हीवर चालेल असं कुणाला वाटलं नसतं. पण १९७६ मध्ये बीबीसीने ‘वन मॅन अँड हिज डॉग’ सुरू केलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ऐंशी लाखांच्या घरात लोक, बहुतेक मेंढी जवळून न पाहिलेले, ते बघत होते. बक्षिसाची रक्कम आजही मोठी नसते. कमाई होते ती पिल्लांत आणि शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांत. २०२१ मध्ये वेल्समधल्या एका लिलावात ‘किम’ नावाची वर्षभराची कुत्री २७,१०० पौंडांना गेली. आपल्या हिशेबाने तेव्हाचे २७ लाखांहून जास्त रुपये.

नशिबाचा भागही मोठा. प्रत्येक कुत्र्याला नव्या मेंढ्या मिळतात. डोंगराळ वेल्श मेंढ्या हलक्या, सावलीलाही बिचकणाऱ्या. जड जातीच्या मेंढ्या ढकलल्याशिवाय हलत नाहीत. सकाळी दव असताना शांत चरणारा कळप दुपारी उन्हात सावली शोधतो. हरलेला मेंढपाळ मेंढ्यांना दोष देतो. हा स्पर्धेइतकाच जुना रिवाज आहे, आणि निम्म्या वेळा तो खराही असतो.

मेंढ्या एकत्र येतात त्यामागचं गणितही आता मोजलं गेलंय. २०१२ मध्ये संशोधकांनी ४६ मेंढ्यांच्या आणि केल्पी जातीच्या एका मेंढीकुत्र्याच्या पाठीवर जीपीएस बांधून पाहिलं. कुत्रा जवळ आला की प्रत्येक मेंढी कळपाच्या मध्याकडे घुसते. भीती शेजारणीच्या अंगावर ढकलते, म्हणा ना. २०१४ मध्ये स्वानसी विद्यापीठाचे अँड्र्यू किंग आणि उप्सालाचे डॅनियल स्ट्रॉमबॉम यांनी त्यातून कुत्र्याचे दोनच नियम काढले : मेंढ्या विखुरल्या असतील तर आधी गोळा कर, गोळा झाल्या की हाक. गर्दी आवरण्यापासून तेल सांडलेलं पाणी साफ करणाऱ्या यंत्रांपर्यंत याचा उपयोग व्हावा, असं त्यांचं म्हणणं. नियम दोन असले तरी पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं, हे मात्र कुत्र्याला दर सेकंदाला ठरवावं लागतं.

वाड्याचं फाटक लागलं की मेंढपाळ दोर सोडतो आणि हळूच म्हणतो, ‘दॅट्ल डू’. पुरे झालं, असा त्याचा अर्थ. ताणलेलं अंग एका क्षणात सैल पडतं. पंच आकडेमोड करत असतात, दुसरा कुत्रा येऊन मेंढ्या मैदानाबाहेर नेतो. डाव संपवलेला कुत्रा तोवर कडेला ठेवलेल्या पाण्याच्या टबात चारही पाय घालून, मानेपर्यंत बुडून बसलेला असतो, आणि त्या टबातूनही त्याची नजर पुढच्या पाच मेंढ्यांवर असते.

(पुढच्या भागात : न्यूझीलंडचा हंटअवे, भुंकण्यासाठीच पाळलेला कुत्रा)