दात दुखायच्या आधीचा दवाखाना

आमच्या वस्तीत दुखऱ्या दाताचा प्रवास ठरलेला आहे. आधी लवंग. लवंगेनं भागलं नाही की दाढेखाली चिमूटभर तंबाखू. मग मेडिकलमधून दोन गोळ्या. मग गाल सुजतो, रात्र जागून निघते आणि सकाळी घरातलं कोणीतरी म्हणतं, "काढूनच टाका एकदाचा." दवाखान्याची पायरी सगळ्यात शेवटी येते. तोवर त्या दातात वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

यात मीही आले. नर्सिंगचा डिप्लोमा केला, बारा वर्षं वॉर्डात काढली. बेशुद्ध पेशंटचं तोंड दर पाळीला स्वच्छ करायचं काम या हातांनी केलं. आणि स्वतःची खालची डावी दाढ २९व्या वर्षी गमावली. वर्षभर थंड पाण्यानं कळ येत होती. मी दुसऱ्या बाजूनं चावायला शिकले, झालं. दाढ काढताना डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, वर्षभर आधी आल्या असत्या तर नुसतं भरून भागलं असतं." तेव्हा मला जी लाज वाटली, ती अजून वाटते.

दाताचं वरचं पांढरं कवच हाडापेक्षाही टणक असतं आणि त्यात नस नसते. कीड त्या कवचाला महिनोन्‌महिने पोखरते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आतल्या थरात उतरली की थंड, गोड झोंबायला लागतं. नसेपर्यंत पोचली की ठणका. म्हणजे ठणका लागतो तेव्हा आजार जुना झालेला असतो. कवचातली कीड भरायला काही शे रुपये लागतात. नसेचं काम करून वर कॅप बसवायची तर हजारांत जातं, आणि तीन-चार फेऱ्यांची रोजी बुडते ती वेगळी. गरिबाला उशीरच महाग पडतो.

उत्तर नागपुरात आमच्या वस्तीच्या तोंडाशी, आटाचक्कीच्या बाजूला, दातांचा एक छोटा दवाखाना आहे. एकच खुर्ची. डॉक्टर मॅडम, काउंटरवर एक वयस्क काका आणि आमच्याच वस्तीतली एक मुलगी, जी बारावीनंतर तिथं मदतनीस म्हणून लागली. घरातला एक माणूस आला की मॅडम सगळ्या घराची चौकशी करतात. आजीला शुगर आहे का, सून पोटुशी आहे का, पोरगा खर्रा खातो का. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाईक वाढवायचा धंदा आहे. नंतर कळलं, या चौकशीला कारण आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की शुगर आवरत नाही. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतं, बायका घाबरून ब्रश सोडतात आणि दुखणं वाढवतात. गरोदर बाईच्या दातांवर उपचार करता येतात. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा.

मी नर्स, त्यामुळे माझं लक्ष आधी हत्यारं कुठं उकळतात तिकडं गेलं. त्या मुलीनं मला ऑटोक्लेव्ह दाखवला. धुतलेली हत्यारं पाकिटात बंद करून १२१ अंशाला १५ मिनिटं वाफेच्या दाबाखाली ठेवते. प्रत्येक पेशंटला नवे हातमोजे. हे विचारायला तुम्हीही लाजू नका. फुटपाथवर पेटी मांडून स्वस्तात दात बसवणाऱ्यांकडं हत्यार नुसतं पाण्यात बुचकळून पुढच्याच्या तोंडात जातं, आणि त्याच वाटेनं कावीळ ब आणि एचआयव्ही जाऊ शकतात.

या मुलीबद्दल एक सांगते. गेल्या उन्हाळ्यात बाजूच्या गल्लीत क्रिकेटचा चेंडू लागून एका दहा वर्षांच्या पोराचा समोरचा पक्का दात मुळासकट पडला. आई दात फेकणारच होती. फोन या मुलीनं उचलला. मॅडम आत पेशंटमध्ये होत्या. ती म्हणाली, "काकू, दात पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात नका लावू. घासू नका. कपभर दुधात टाका आणि लगेच या." अर्ध्या तासात दात परत जागेवर बसवून शेजारच्या दातांना बांधला. तासाभराच्या आत पोचलं तर असा दात टिकण्याची शक्यता चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

आता आयांसाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात मोठी चूक इथं होते. साधारण सहाव्या वर्षी मुलाच्या शेवटच्या दुधाच्या दाढेमागं एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला कळतच नाही. किडलेली दिसली तरी आई म्हणते, दुधाचीच तर आहे, पडून दुसरी येईल. ती पडून दुसरी येत नाही. ती पक्की आहे आणि जन्मभर पुरवायची आहे. माझ्या भाचीची ही दाढ सातव्या वर्षीच काळी पडायला लागली होती. वेळेत दिसली म्हणून भरून वाचली. दुसऱ्या बाजूच्या निरोगी दाढेच्या खाचा मॅडमनी एका लेपानं बुजवून टाकल्या, म्हणजे त्यात अन्न अडकत नाही. ना सुई, ना मशीनचा घर्रर्र आवाज. मूल सहा वर्षांचं झालं की बॅटरी घेऊन त्याच्या तोंडात बघा.

कीड लागते ती साखरेनं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती साखर, यापेक्षा दिवसातून किती वेळा, हे जास्त महत्त्वाचं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल पुढचा सुमारे अर्धा तास दात झिजवतं. मग लाळ हळूहळू ती झीज भरते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पोरगं दिवसभर एकेक करून चघळत बसलं तर लाळेला सवडच मिळत नाही. तेच बिस्किट जेवणाबरोबर खाऊन संपवलं तर नुकसान कमी. आणि बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या समोरच्या दातांवर साचून राहतं. दोन-अडीच वर्षांच्या पोरांचे काळे खुंट झालेले दात आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

रात्रीचा ब्रश याच कारणानं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा. बायका मला सांगतात, ताई, नळ पहाटे येतो, रात्रीला पाणी कुठून आणायचं? अर्धा पेला पुरतो. किंबहुना पेस्ट थुंकल्यावर खळखळून चूळ भरायचीच नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. ट्यूबवर फ्लोराइड लिहिलेलं आणि आकडा १००० पीपीएमच्या आसपास असलेली कोणतीही साधी पेस्ट चालते, महागडी लागत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत आईनं किंवा बापानं स्वतः घासून द्यावं. (बापानं, हे मी मुद्दाम लिहिते आहे.) यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरवेलच्या पाण्यात काही गावी फ्लोराइड आधीच जास्त आहे. तिकडून आलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर पेस्ट निवडताना डॉक्टरांना विचारा.

कडुलिंबाच्या काडीबद्दलही विचारणा होते. दातून आपल्याकडं जुनं आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरायची परवानगी दिली, त्याचे पाच फायदे सांगितले, काडी किती लांब असावी हेसुद्धा ठरवून दिलं. काडी हळू हातानं वापरली तर वाईट नाही. पण तिच्यात फ्लोराइड नाही, म्हणून रात्री पेस्ट हवीच. राख, कोळसा, विटेची भुकटी मात्र बंद करा. त्यानं कवचच घासून जातं.

"मशीननं साफ केले की दात हलतात," हे मी आजवर शंभरदा ऐकलं असेल. दातांवर दगडासारखा थर बसतो, तो हिरडी खाली ढकलतो, आतलं हाड झिजवतो. दात तेव्हाच सैल झालेला असतो, फक्त त्या थरानं जखडून धरलेला असतो. थर निघाला की सैलपणा कळतो आणि बोल मशीनला बसतो.

आता खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून तयार होणारा खर्रा आमच्या गल्लीत चहासारखा खपतो. एक एकोणीस वर्षांचा मुलगा मॅडमकडं अक्कलदाढ दुखते म्हणून आला होता. मी तिथंच बसलेली. मॅडम म्हणाल्या, "आ कर." त्यानं केला, पण आरसा आत जाईना. गेल्या दोन वर्षांपासून त्याला तर्री-पोहे खाताना तोंडात आग होत होती, म्हणून त्यानं तर्री सोडली होती. खर्रा सोडला नव्हता. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि गेलेली लवचिकता पूर्वीसारखी परत येत नाही. यातून पुढं कॅन्सरही होऊ शकतो. घरी एकदा करून बघा : स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का? त्या पोराची दीड गेली.

माझ्या आईची गोष्ट यानंतरची. ती गोंदियाकडची, तंबाखू-गुळाच्या गुडाखूची डबी लग्नाच्या आधीपासून तिच्या कमरेला. भाचीला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा ती सोबत आली होती. मॅडमनी सहज म्हटलं, "आजी, तुम्हीपण बसा." आई म्हणाली, "माहं कशाले? मले तं काईच दुखत नाही." खरंच दुखत नव्हतं. खालच्या ओठाच्या आत, जिथं ती गुडाखू फिरवायची, तिथं नखाएवढा पांढरा चट्टा होता. पुसून निघत नव्हता. मी तिची लेक, वर नर्स, आणि मला तो कधी दिसला नव्हता.

मॅडमनी स्वतः काही केलं नाही. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात चिठ्ठी देऊन पाठवलं. तिथं शिकणारे डॉक्टर आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासतात, वेळ जातो, पण काम नीट होतं आणि खर्च झेपतो. तुकडा तपासायला गेला. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी घरात कोणाशी नीट बोलले नाही. कॅन्सर नव्हता, पण पेशी बिघडायला सुरुवात झाली होती. गुडाखू बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, असं सांगितलं. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, यातलं काहीही असेल तर न दुखण्यावर विश्वास ठेवू नका.

आईनं डबी एका दिवसात सोडली नाही. दोनदा लपवून आणली. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते, तिथं मी तिला बोलायला लावलं. तिसऱ्या खेपेला जमलं. तलफ आली की ती बडीशेप चावते आणि चिडचिड करते.

शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यात मुलांचे दातही तपासतात. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात सडू देऊ नका.

मागच्या महिन्यात आईच्या तपासणीची तारीख होती. त्या मुलीचा आठवणीचा फोन आदल्या दिवशी आला. मला बैठक होती म्हणून आई एकटीच निघाली, असं मला वाटलं. संध्याकाळी काकांनी सांगितलं, ती शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आली होती. काकांनी विचारलं, "यांना काय त्रास आहे?"

"काईच नाही," आई म्हणाली. "म्हणून तं आणल्या."