व्यूहात्मक मतदान

अधिक अनुकूल निकाल लागावा म्हणून मतदाराने आपली खरी पसंती बाजूला ठेवून दिलेल्या मतास व्यूहात्मक मतदान म्हणतात. मतदानपद्धतीनुसार त्याचे स्वरूप बदलते.

भारतातील लोकसभा व विधानसभा निवडणुकांत सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. अशा पद्धतीत मत फुकट जाण्याची भीती सर्वांत प्रबळ असते. अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज बुश यांनी फ्लोरिडा राज्य अवघ्या ५३७ मतांनी जिंकले. तिथे राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. त्यांपैकी सहाशे जणांनी अल गोर यांना मत दिले असते, तरी अध्यक्षपदाचा निकाल फिरला असता.

फ्रान्समधील दोन फेऱ्यांच्या पद्धतीत पहिल्या फेरीत मनासारखे मत देता येते, असा समज आहे. २००२ मध्ये तो फोल ठरला. सोळा उमेदवारांत डाव्यांची मते विखुरली, लिओनेल जोस्पाँ तिसरे आले आणि अंतिम लढत जाक शिराक व अतिउजवे जाँ-मारी ल पेन यांच्यात झाली.

पसंतीक्रमाच्या मतदानात, म्हणजे उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देण्याच्या पद्धतीत, ही अडचण बरीच कमी होते. नाहीशी मात्र होत नाही. अमेरिकेतील बर्लिंग्टन शहराची २००९ सालची महापौर निवडणूक याचे बोलके उदाहरण आहे. पहिल्या पसंतीत कर्ट राइट आघाडीवर, बॉब किस दुसरे व अँडी माँट्रोल तिसरे होते. माँट्रोल बाद झाले आणि अखेरच्या फेरीत किस २५२ मतांनी जिंकले. मतपत्रिकांवरील क्रम तपासले असता, माँट्रोल यांनी समोरासमोरच्या लढतीत राइट व किस या दोघांनाही हरवले असते, असे दिसते. राइट यांच्या पुरेशा समर्थकांनी माँट्रोल यांना पहिली पसंती दिली असती, तर किस यांचा विजय टळला असता. पुढच्याच वर्षी शहराने जनमत घेऊन ही पद्धत रद्द केली. अर्थात, असा डाव साधण्यासाठी इतरांचे पसंतीक्रम आधी ठाऊक असावे लागतात आणि सामान्य मतदाराजवळ ती माहिती क्वचितच असते.

ॲलन गिबार्ड (१९७३) व मार्क सॅटरथ्वेट (१९७५) यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, की तीन किंवा अधिक उमेदवार निवडून येऊ शकत असतील, तर पसंतीक्रमावरून एकच विजेता ठरवणारी आणि दैवावर न चालणारी कोणतीही पद्धत व्यूहात्मक मतदानापासून मुक्त नसते. अपवाद एकच: निकाल कायम एकाच मतदाराच्या इच्छेने लागणे.

महाराष्ट्र विधान परिषदेच्या आमदारांनी निवडायच्या जागांसाठी एकल संक्रमणीय मतपद्धत वापरली जाते. तिथे हिशेब व्यक्तीऐवजी पक्ष करतो. विजयासाठी लागणारा कोटा पाहून कोणत्या आमदाराने कोणाला पहिली व दुसरी पसंती द्यावी, हे आधीच ठरवून दिले जाते. मतदान गुप्त असल्याने हा आदेश कितपत पाळला गेला, हे मतमोजणीनंतरच उमगते.