कोंबडी कोणी नेली?

घरात चार कोंबड्या असल्या, की बाईमाणसाच्या हाताशी चार पैसे असतात. अंडी विकून मीठ-मिरची येते. पोराची वही येते. अशी कोंबडी एका रात्रीत नाहीशी झाली, म्हणजे पोटात तुटते. मग माणूस रागावतो. कोणी शेजाऱ्यावर संशय घेतो, आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. कोणी काठी घेऊन दिसेल त्या मुंगसामागे धावतो. कोणी पिठात विष कालवून ठेवतो. पण खरा चोर कोण, हे कोणी पाहत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातली गत होते. आणि चार दिवसांनी दुसरी कोंबडी जाते.

चोर ओळखता येतो. तो जाताना खुणा ठेवून जातो. तुम्ही आता अक्षरे वाचू लागला आहात. या खुणाही तशाच वाचायच्या. मात्र एक लक्षात ठेवा. आधी खुणा पाहायच्या, मग अंगण झाडायचे. एकदा केरसुणी फिरली, की सगळे पुसले गेले.

केव्हा गेली?

हा पहिला प्रश्न. दिवसा येणारे चोर वेगळे, रात्री येणारे वेगळे. घार, शिक्रा, कावळा आणि मुंगूस दिवसा येतात. रानमांजर, उदमांजर, कोल्हा आणि घूस हे बहुतेक रात्री किंवा तिन्हीसांजेला येतात. मोकाट कुत्रा आणि साप यांना वेळ नाही. ते केव्हाही येतात.

मागे काय राहिले?

हा दुसरा प्रश्न.

पिल्लू गेले, आणि जमिनीवर काहीच खूण नाही. कोंबडी मात्र एकदम ओरडली होती, आणि बाकीची पिल्ले झुडपात दडली होती. असे असेल तर चोर आभाळातून आला. तो घार असेल, नाहीतर शिक्रा. कावळाही अंडी आणि नुकती फुटलेली पिल्ले पळवतो.

अंडी फुटली आहेत, टरफले तिथेच पडली आहेत, तर मुंगसाचा संशय घ्या. कावळा आणि घूसही अंडी फोडतात. पण अंडे गेले आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर तो साप असू शकतो. साप अंडे अख्खे गिळतो. कधी पिल्लू मरून पडलेले असते. त्याचे डोके व मान ओली असते, पिसे चिकटलेली असतात. सापाने ते गिळायला घेतले, पण मोठे म्हणून सोडून दिले, असे समजावे.

खुराड्यात कोंबडी मेलेली आहे, आणि चावा मानेवर किंवा डोक्यावर आहे. हे बहुतेक मुंगसाचे किंवा मांजराच्या जातीचे काम. रानमांजराला काही ठिकाणी बाऊल म्हणतात. ते कोंबडी उचलून नेते. कोल्हाही नेतो. मग कुंपणाकडे पिसांची वाट दिसते. उदमांजर झाडावर आणि छपरावर सहज चढते. छपराला फट असली, की ते वरून उतरते.

चार-पाच कोंबड्या एकदम मेल्या आहेत, जागोजाग चावे आहेत, पिसे अंगणभर उडाली आहेत, आणि खाल्ले काहीच नाही. हे बहुतेक कुत्र्याचे काम. कुत्र्याला पुष्कळदा भूक नसते, खेळ असतो. कधीकधी तो आपलाच कुत्रा असतो, बरं का!

राखेवरची सही

तरीही उलगडा झाला नाही, तर एक सोपी युक्ती करा. रात्री खुराड्याभोवती चाळलेली राख पातळ पसरा. सकाळी तिच्यावर पाऊल उमटलेले दिसेल. चार बोटे आणि पुढे नखांच्या खुणा, तर कुत्रा किंवा कोल्हा. चार बोटे, पण नखे नाहीत, तर मांजर. मांजर चालताना नखे आत ओढून घेते. लहान पाऊल, पाच बोटे आणि लांब नखे, तर मुंगूस. मुंगसासाठी राख दिवसाही राहू द्या. राखेवर नुसती नागमोडी रेघ असेल, तर साप येऊन गेला.

चोर नसेलही

कोंबडी मेली, पण अंगावर जखम कुठेच नाही, तर रोगाचा विचार करा. मान वाकडी झाली होती का? हिरवट हगवण होती का? श्वास घेताना तोंड उघडत होती का? मग ती मानमोडी असू शकते. तिलाच राणीखेत म्हणतात. ही साथ एका कोंबडीवर थांबत नाही. मेलेली कोंबडी उघड्यावर टाकू नका. उघड्या हाताने धरू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा. या रोगावर लस आहे. ती निरोगी कोंबड्यांना आधी टोचून घ्यावी लागते.

आता दोन पायांचा चोर. दाराची कडी काढलेली आहे, सगळ्याच कोंबड्या गेल्या, आणि पीस एकही सांडलेले नाही. मग माणसाचा संशय येणारच. पण बाकीच्या साऱ्या खुणा पाहून झाल्यावर हे म्हणावे. आधी म्हणू नये. गेलेली कोंबडी पुन्हा घेता येते, पण तुटलेला शेजार जोडायला फार दिवस लागतात.

राखण कशी करावी?

चोर कोणताही असो, उपाय बहुतेक एकच आहे. तो म्हणजे चांगले खुराडे.

खुराडे जमिनीला टेकलेले नसावे. दीड-दोन फूट उंच खांबांवर ठेवावे. जाळी जाड तारेची आणि अर्धा इंच घरांची घ्यावी. मोठ्या घरांच्या जाळीतून कोंबडी बाहेर येत नाही, हे खरे. पण साप आत जातो. जाळी परवडत नसेल तर बांबूच्या कांबट्या अगदी लागून ठोकाव्या. खुराडे जमिनीवरच असेल, तर भिंतीच्या कडेने फूटभर खोल दगड भरावे, म्हणजे घुशीला उकरता येत नाही. छपराची फट बुजवावी. दाराला नुसती दोरी नको, कडी आणि खुंटी हवी.

दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडाव्या. कोंडताना मोजाव्या. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही. झाडावर बसलेली कोंबडी चोराला आयती सापडते.

पिल्लांची जास्त काळजी घ्या. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, तेव्हा पिल्ले निघतात. एवढी मेहनत घार क्षणात नेते. म्हणून पहिले महिनाभर पिल्ले व आई डालग्याखाली ठेवावी. मोकळी सोडाल तेव्हा अंगणात काट्याकुट्यांची, तुरकाठ्यांची आडोशाची जागा करावी. घार दिसली, की पिल्ले तिथे शिरतात.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करावी. सांडलेले दाणे झाडून घ्यावे. दाण्याला उंदीर येतात, आणि उंदरामागे साप येतो. खुराड्याजवळ गवत वाढू देऊ नये, सरपणही रचू नये. अंधारात अंडी काढायला हात घालू नये. आधी बॅटरीचा उजेड पाडावा. साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा. विषारी सापाच्या विषावरचे औषध तिथे मिळते.

जुन्नर-संगमनेरच्या बाजूला उसात बिबट्या राहतो. अशा गावी रात्री कोंबड्या ओरडल्या, तर एकट्याने अंधारात बाहेर पडू नये. आधी दिवा लावावा, चार माणसे जमवावी. पाऊल मोठे दिसले तर वनरक्षकाला कळवावे.

विष का घालू नये?

विष चोराला ओळखत नाही. ते तुमचा कुत्रा खातो, शेजाऱ्याचे मांजर खाते, उद्या रांगते पोरही हात घालील. शिवाय मुंगूस, रानमांजर, कोल्हा, साप यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांना मारणे हा गुन्हा आहे. आणि आपला हिशेबही पाहा. मुंगूस, रानमांजर, धामण ही सारी शेतातले उंदीर खातात. ती मारली, तर उंदीर माजतात आणि कणगीतले धान्य जाते. ती शेतात राहोत, आपण खुराड्याचे दार लावू. घरात साप शिरला, तर सर्पमित्राला बोलवा.

आज दिवस मावळायच्या आधी एवढे करा. खुराड्याभोवती एक फेरी मारा. जिथे तुमची दोन बोटे आत जातात, ती फट बुजवा. कडी ओढून पाहा. कोंबड्या मोजा, आणि आकडा वहीत लिहून ठेवा. उद्या सकाळी पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली, तर ओरडा करू नका. केरसुणी बाजूला ठेवा, आणि आधी जमिनीकडे पाहा.