जवाबाची तलवार

शाहीर अनंत फंदींच्या संगमनेरात सवाल-जवाबाचे नवल ते काय! फडात चोख जवाब सुचला नाही की हार. 1990 साली निघालेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या विनोदी संगणक-खेळात समुद्री चाच्यांची तलवारबाजी अशीच चालते. अनोळखी टोमण्यापुढे तुम्ही हरता. पण तो टोमणा आता तुमचा! तो दुसऱ्या चाच्यावर टाका. त्याला जवाब येत असेल तर टिपून घ्या. हरणे हाच येथे प्रयोग.

खरी मेख पुढेच. तलवारबहाद्दर कार्ला टोमणे सगळे नवे मारते, जवाब मात्र जुनेच लागतात. घोकंपट्टीवाला तेथे गडबडतो. ‘गवळ्यासारखा लढतोस’ म्हणणाऱ्याला ‘तू गाईसारखा’ हा जवाब. कार्ला, मराठीत सांगायचे तर, रक्ताची धार काढीन म्हणते. आता सांगा, धार कोणाची काढतात?