गाभा : हत्यारं निघाल्यावर उरलेला दगड

संग्रहालयात हातकुऱ्हाडीपुढे सगळे थांबतात. शेजारच्या खाचाखाचांच्या बोटभर दगडाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर कारागिराचं डोकं कसं चालायचं, हे त्या दगडातच जास्त कळतं.

गाभा कशाला म्हणतात?

दगडावर दगड मारून छिलके काढले, की ज्याच्यावरून ते निघाले तो मूळ दगड म्हणजे गाभा. कधी गाभ्यालाच आकार देऊन हत्यार करत. कधी छिलके हवे असत आणि गाभा टाकून देत. प्रत्येक छिलक्याचा व्रण गाभ्यावर राहतो. नंतरचा व्रण आधीच्याला छेदतो, त्यामुळे कुठला घाव आधी आणि कुठला नंतर, हे हजारो वर्षांनीही सांगता येतं.

घाव कुठे घालायचा?

गाभ्याला सपाट माथा लागतो. माथा आणि बाजू यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा, नाहीतर छिलका सुटत नाही. नीट बसलेल्या घावाने छिलक्याच्या आतल्या अंगाला फुगवटा येतो, गाभ्यावर तसाच खळगा.

आधी गाभा, मग छिलका

पुढे माणूस गाभा आधीच घडवून ठेवू लागला, म्हणजे हव्या त्या आकाराचा छिलका एका घावात मिळे. या पद्धतीला लेव्हाल्वा म्हणतात. तमिळनाडूतल्या अत्तिरम्पाक्कम इथे अशा कामाची सुरुवात सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वी झाल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं.

आपल्याकडचा दगड

महाराष्ट्रातल्या जुन्या हातकुऱ्हाडी बहुतेक काळ्या कातळाच्या. नंतर कारागिरांनी लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेले कॅल्सेडनी, अगेट, जॅस्पर हे बारीक पोताचे दगड निवडले. प्रवरेकाठच्या नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना अशा दगडांचे छिलके मिळाले आणि मध्य पुराश्मयुगाची ओळख पटायला त्यांची मोठी मदत झाली.

इनामगावची पाती

पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात इथे शेती होती, तांबंही होतं. पण तांबं दुर्मीळ, म्हणून रोजच्या कापाकापीला कॅल्सेडनीची पाती.

ती काढायची रीत फार देखणी. गाभ्याच्या एका कडेवर दोन्ही बाजूंनी आलटून पालटून बारीक छिलके काढायचे, की नागमोडी धार उभी राहते. माथ्यावरून जोर दिला, की ती धार पहिल्या पात्याबरोबर उभीच्या उभी निघते आणि मागे दोन सरळ कंगोरे राहतात. पुढची पाती त्या कंगोऱ्यांच्या आधाराने लांब आणि समांतर सुटतात. शेवटी उरतो तो उभ्या पन्हळींचा गाभा. एक पन्हळ म्हणजे निघून गेलेलं एक पातं.

सापडला तर

नदीकाठी किंवा शेतात असा दगड दिसला तर कृपा करून उचलू नका. गाभा आणि छिलके जागच्या जागी असले तर अभ्यासक ते पुन्हा एकमेकांवर जुळवून सगळं काम उलगडू शकतात. घरी कपाटात नेलेल्या एकट्या दगडावरून ते जमत नाही. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.