विशेष शिक्षकाची पदवी : निवड आणि पैसा

मार्गासनीसारख्या गावात ऐकू न येणाऱ्या मुलाला शिकविणारा शिक्षक कोठून यावयाचा? नसरापूर-वेल्हे रस्त्यावरच्या गावांतलीच एखादी पदवीधर मुलगी पुढे ते काम करू शकेल. मात्र फी भरण्याआधी तिने तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही म्हणतो.

पहिली, मान्यता. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज हे काम करता येत नाही. केल्यास शिक्षा आहे. विद्यापीठाची मान्यता निराळी, परिषदेची निराळी. महाविद्यालयाचे नाव परिषदेच्या यादीत, त्याच वर्षासाठी व त्याच शाखेसाठी आहे काय, हे स्वतः पाहावे.

दुसरी, शाखा. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता यांचे शिक्षण वेगवेगळे. ब्रेल शिकलेल्याला खुणांची भाषा येतेच असे नाही. आपल्या भागात कोणती मुले शिक्षकावाचून आहेत, ते पाहून शाखा घ्यावी.

तिसरी, पैसा. समजा, दोन लाखांचे कर्ज पहिल्याच दिवशी दहा टक्के सरळव्याजाने उचलले. अभ्यासक्रमाची दोन वर्षे व पुढचे एक वर्ष हप्ता नाही; पण व्याज साठ हजार होते. हप्त्याची सवलत म्हणजे व्याजाची माफी नव्हे. खोलीभाडे, खानावळ आणि बुडालेली मजुरीही हिशेबात धरावी.

केंद्र सरकारने 2022 साली प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले. अमान्य पदवीने ते भरून निघत नाही. मुलगी कर्जात राहते आणि मूल शिक्षकावाचून.