उपवासाच्या डब्यातला केक

दोस्तांनो, एक कोडं घालू? वर्गात वाढदिवस आहे. केक कापला, टाळ्या झाल्या आणि चाळीस हात एकदम पुढे आले. एकच हात मागे राहिला. त्या मुलाला केक आवडत नाही असं नाही. त्याच्याही तोंडाला पाणी सुटलंय. तो रुसलेला नाही, त्याचा दात दुखत नाही, आज त्याचा उपवासही नाही. मग तो केक का खात नाही?

हरलात? केकमध्ये मैदा आहे, मैदा गव्हाचा असतो आणि गहू त्याच्या पोटाला चालतच नाही. एक घाससुद्धा नाही!

"म्हणजे पोळी नाही?" नाही. बिस्कीट, ब्रेड, समोसा, शंकरपाळे, रव्याचा शिरा यातलं काहीच नाही. शेगावची कचोरी नाही, पुरणाची पोळी नाही आणि आपल्या वऱ्हाडातले गरमागरम रोडगेही नाहीत. आपण तर "चल, काहीतरी खाऊ" म्हणतो तेव्हा दहातल्या आठ गोष्टी गव्हाच्याच निघतात. विचार करून पाहा!

गव्हात असं असतं तरी काय?

याचं उत्तर तुम्ही स्वतः शोधू शकता. आईकडून मूठभर भिजवलेली कणीक मागून घ्या. अर्धा तास झाकून ठेवा. मग पाण्याने भरलेल्या पातेल्यात तो गोळा हळूहळू चोळून धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते ओता, नवं पाणी घ्या, पुन्हा चोळा. असं चार-पाच वेळा केलं की हातात एक पिवळसर, चिवट गोळा उरतो. ताणला की रबरासारखा लांबतो. पांढऱ्या पाण्यात गेला तो स्टार्च, आणि हातात उरलं ते ग्लुटेन.

ग्लुटेन हे प्रथिन आहे. पोळी न तुटता पातळ लाटता येते ती त्याच्यामुळे. केक फुगतो तोही त्याच्याच मदतीने. सोड्याचा वायू बाहेर पळू पाहतो, पण ग्लुटेनचं जाळं त्याला फुग्यासारखं अडवून धरतं.

पण काहीजणांचं शरीर या ग्लुटेनला शत्रू समजतं. आपल्या लहान आतड्याला आतून टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ग्लुटेन पोटात गेलं की अशा माणसाच्या शरीरातलं सैन्य लढायला निघतं आणि त्या धुमश्चक्रीत हे उंचवटेच झिजून सपाट होतात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. जुलाब होतात, पोट फुगतं, रक्त कमी होतं, उंची वाढत नाही. या आजाराचं नाव सिलियाक. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्याच्यावर आज तरी एकच इलाज आहे : गहू, जव आणि राय ही तीन धान्यं आयुष्यभर बंद. (आणि हो, जव वेगळा, आपल्या चटणीतला जवस वेगळा! जवसात ग्लुटेन नसतं.)

युद्धातल्या उपासमारीने दिलेलं उत्तर

हा आजार डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होता. लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८७ मध्ये त्याच्यावर व्याख्यान दिलं होतं. पण दोष नेमका कशाचा, ते कुणालाच कळेना. १९२४ मध्ये न्यू यॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना भरपूर केळी खायला घातली. मुलं सुधारली! सगळे म्हणाले, वा, केळी हे औषधच की! खरी गोष्ट अशी, की केळी खाताना मुलांचा ब्रेड बंद होता. पण हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आलं हॉलंडच्या एका बालरोगतज्ज्ञाच्या. त्यांचं नाव विलेम डिके. गव्हाचा त्यांना आधीपासून संशय होता. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि हॉलंडमध्ये भयंकर अन्नटंचाई झाली. ब्रेड मिळेना. लोकांनी ट्यूलिपच्या फुलझाडांचे कंदसुद्धा शिजवून खाल्ले. हजारो लोक उपासमारीने मेले. पण अशा काळात दवाखान्यातली सिलियाकची मुलं मात्र बरी दिसू लागली, आणि ब्रेड पुन्हा आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. डिकेंनी मग नीट प्रयोग केले, मोजमापं घेतली आणि १९५० मध्ये आपला प्रबंध लिहिला. गुन्हेगार सापडला होता!

भारतात हा आजार दुर्मीळ आहे असं पूर्वी समजत. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडे जास्त आणि दक्षिणेत हजारात एक, असं प्रमाण आढळलं. उत्तरेकडचं रोजचं खाणं गव्हाचं, दक्षिणेकडचं भाताचं, हे तर तुम्हाला भूगोलात शिकवलंच असेल.

इथे एक महत्त्वाची सूचना. "माझंही पोट दुखतं, मीही पोळी सोडतो" असं परस्पर ठरवू नका हं! रक्ताची तपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणीत सापडत नाही. आणि ज्याला हा आजार नाही, त्याने पोळीला घाबरायचं काहीच कारण नाही.

"गहू नाही तं केक कायचा गा?"

वऱ्हाडातल्या कुण्या आजीला सांगून पाहा, की गव्हाशिवाय केक करायचाय. ती म्हणेल, "गहू नाही तं केक कायचा गा बाप्पा?" पण त्याच आजीला विचारा, की तुझ्या लहानपणी रोज काय खायचे? ज्वारीची भाकर, ज्वारीच्या कण्या, आंबील! पोळी सणासुदीला. ज्वारीत ग्लुटेन अजिबात नसतं. आपल्या अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. तिथे ज्वारीवर कितीतरी संशोधन झालंय. पुढे शेतात सोयाबीन वाढलं, ताटात पोळी वाढली आणि भाकर मागे पडली, ते वेगळं.

पण केक करायचा तर आजीचाच दुसरा एक डबा उघडायला हवा. उपवासाचा! नवरात्रात अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला रांगा लागतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याच्या कावडी येतात. त्या दिवसांत घरोघरी हा डबा निघतो. त्यात काय काय असतं, बघू या.

शिंगाडा : हा धान्य नाहीच. तलावात तरंगणाऱ्या वेलीचं हे शिंगं असलेलं फळ. पूर्व विदर्भातल्या तलावांत तो पिकतो. वाळवून दळला की पीठ तयार.

राजगिरा : दाणा दिसतो धान्यासारखा, पण हे झाड गवताच्या कुळातलं नाही. हा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतले लोक आजही त्याच्या लाह्या गोड पाकात घालून वड्या करतात. अगदी आपली राजगिऱ्याची चिक्कीच!

साबुदाणा : टॅपिओका नावाच्या कंदाचा स्टार्च. आपण त्याची उसळ करतो.

भगर : ही मात्र फसवते. उपवासाला चालते, पण आहे ती धान्यच, ज्वारी-बाजरीसारखी गवताच्या कुळातली. ग्लुटेन मात्र तिच्यातही नाही. म्हणजे सिलियाकच्या मुलाला सगळीच धान्यं सोडायची गरज नसते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, भगर त्याला खुशाल चालतात.

डोक्याचं तेल केकमध्ये?

केकला लोणी लागतं. काहींना गव्हाबरोबर दूधही सोसत नाही, म्हणून जगभर अशा केकमध्ये खोबरेल तेल घालतात. ऐकूनच नाक मुरडलंत ना? आपल्याकडे खोबरेल म्हणजे डोक्याचं तेल. स्वयंपाकाला शेंगदाण्याचं, जवसाचं, करडीचं. पण केरळात माशांच्या कालवणापासून केळ्याच्या वेफर्सपर्यंत सगळं खोबरेलात होतं. हे तेल केसांचं की खाण्याचं, हा प्रश्न कराच्या भांडणात थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता! डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला : शुद्ध खोबरेलाची बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. केसांसाठी म्हणून विकलं तरच ते केसांचं.

या तेलाची आणखी एक गंमत. साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते गोठतं. डिसेंबरात अकोल्याला बाटली उन्हात ठेवावी लागते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की तेच पाण्यासारखं वाहतं. केकमध्ये हाच गुण लोण्याचं काम करतो. मात्र खोबरेल म्हणजे अमृत, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. तेही तेलच, आणि त्यात संपृक्त चरबी भरपूर असते. बेतानेच खायचं.

चला, करून पाहू!

साहित्य : शिंगाड्याचं पीठ दीड वाटी, शेंगदाण्याचा बारीक कूट अर्धी वाटी, किसलेला गूळ पाऊण वाटी, पिकलेली लहान केळी २, आंबट दही अर्धी वाटी, खाण्याचं खोबरेल तेल पाव वाटी, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, वेलचीपूड, चिमूटभर मीठ आणि वरूड-मोर्शीकडच्या एका संत्र्याची किसलेली साल. (फक्त वरची केशरी साल हं, आतली पांढरी कडू लागते.)

कृती : १. केळी कुस्करून त्यात गूळ आणि दही घोटा. दही फ्रिजमधून आधीच काढून ठेवा. गार दह्यात खोबरेल ओतलं की त्याच्या गुठळ्या होतात.

२. पातळ केलेलं तेल घालून पुन्हा घोटा. मग पीठ, कूट, वेलची, मीठ आणि साल घाला. इडलीच्या पिठाएवढं सैल हवं. घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी घाला.

३. जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर एक स्टँड ठेवा आणि झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा. गॅसजवळचं काम मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करायचं, बरं का!

४. आता शेवटी सोडा घालून भराभर ढवळा. आंबट दही आणि सोडा भेटले की वायू सुटतो. इथे तो अडवायला ग्लुटेन नाही, म्हणून थोडंफार ते काम चिकट केळ्याकडून करून घ्यायचं. वेळ घालवलात तर वायू उडून जाईल आणि केकची वडी होईल!

५. तेल लावलेल्या डब्यात ओतून तो स्टँडवर ठेवा. झाकण लावून मंद आंचेवर ४० ते ४५ मिनिटं ठेवा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला.

६. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम असताना तो भुगा होतो. रंग काळपट तपकिरी येईल, बेकरीच्या केकसारखा उंच फुगणार नाही. पण वास? संत्र्याचा आणि खोबऱ्याचा! शेजारचे विचारायला येतील.

पण थांबा, चक्की कुठली?

हा केक गव्हाशिवायच्या दोस्तासाठी करत असाल, तर सगळ्यात मोठा धोका साहित्यात नसून चक्कीत आहे. आधी गहू दळला आणि त्याच जात्यावर शिंगाडा टाकला, तर गव्हाचं पीठ त्यात मिसळतंच. तुम्ही म्हणाल, चिमूटभराने काय होतं? आपल्या देशातला नियम असा आहे, की "ग्लुटेनमुक्त" लिहायचं असेल तर किलोभर पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे किलोमागे जेमतेम तांदळाच्या एका दाण्याएवढ्या वजनाचं! म्हणून "ग्लुटेनमुक्त" असं छापलेलं पाकीटच आणा. उपवासाचं दळण वेगळं ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. ती इथे काटेकोर पाळा. चाळणी, परात, डबा सगळं घासून घ्या.

आणि हिंग! बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा मिसळलेला असतो. अमरावतीचा गिला वडा असतो उडदाच्या डाळीचा, पण त्यातला हिंग कोणता, हे विचारल्याशिवाय त्या दोस्ताला खाता येत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय त्याला तुमच्याआमच्यापेक्षा खूप आधी लागलेली असते.

"अरे, एक घास खा, काही होत नाही!" हे वाक्य तो रोज ऐकतो. कधी प्रेमाने, कधी चिडवून. नाही म्हटलं की नखरेबाज ठरतो, आणि हो म्हटलं तर आतडं बिघडतं. तेव्हा तुमच्या पुढच्या वाढदिवसाला एवढं करा. आदल्या दिवशी त्याला विचारा, "तुला काय चालतं रे?" शेंगदाणा सोसतो का, तेही विचारा. पीठ कुठून आणायचं ते त्याच्या आईला विचारून घ्या. आणि केक एकच करा, सगळ्यांसाठी हाच. त्याच्यासाठी निराळी ताटली नको.

केक कसा झाला ते आम्हाला जरूर कळवा. वडी झाली असेल तर तेही कळवा, आम्ही हसणार नाही!